स्कॉटिश पणजीचं माहेर शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाची सून कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची, कुणाचा जावई न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा, कुणाच्या नातीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा असतो. मला पत्रं लिहिणारी माणसं वेगवेगळी, पण सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलेलं असतं: स्कॉटलंडहून जहाजात बसून आलेली एक बाई, जिचं सासरचं आडनाव तेवढं घरात उरलंय. माझ्या सासरी, कॅनडातल्या ओंटारिओत, अशीच एक पणजी होती. तिच्या माहेरापर्यंत पोचायला मला चार वर्षं लागली. त्या काळात जे शिकले आणि तुम्ही जे पुन्हा पुन्हा विचारता, ते इथे एकत्र केलंय.

१. सुरुवात थेट स्कॉटलंडच्या नोंदींपासून करू का?

नको. ती जिथे वारली तिथून सुरुवात करा आणि एकेक पायरी मागे जा: आधी मृत्यूचा दाखला, निधनवार्ता आणि थडग्यावरचा मजकूर, मग मुलांचे जन्म, मग लग्न, मग जहाज. नुसत्या 'मार्गारेट मॅकडोनाल्ड' या नावावर स्कॉटलंडमध्ये माणूस शोधणं म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात एखाद्या पाटीलबाईंना पत्त्याशिवाय शोधण्यासारखं आहे. पलीकडे शोध सुरू करण्याआधी तीन गोष्टी हाताशी हव्यात: माहेरचं आडनाव, जन्माचं अंदाजे वर्ष आणि पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली गावं. अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थळ म्हणून बहुधा फक्त 'स्कॉटलंड' लिहिलेलं असतं, त्यावर काम भागत नाही.

घरातल्या वस्तू आधी धुंडाळा. बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्नं लिहायची पद्धत होती. आम्हाला पहिला धागा मिळाला तो एका जुन्या फोटोच्या पाठीवर. तिथे स्टुडिओचा पत्ता छापलेला होता: पेस्ली, म्हणजे स्कॉटलंडमधलं एक गिरण्यांचं गाव. पाच वर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि कुणी तो चौकटीतून काढून पाहिला नव्हता.

२. तिचं माहेरचं आडनावच माहीत नाही. मग काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. स्वतः तिच्या कागदांत नाव नसेल तर तिच्या मुलांचे कागद काढा, आणि सगळ्या मुलांचे काढा. मुलांच्या लग्नाच्या आणि मृत्यूच्या दाखल्यांत आईचं माहेरचं आडनाव बऱ्याचदा विचारलेलं असतं. एका मुलाच्या दाखल्यात माहिती देणाऱ्या जावयाने 'माहीत नाही' म्हटलेलं असतं, तर दुसऱ्याच्या दाखल्यात बहिणीने ते बरोबर सांगितलेलं असतं.

मुलांची मधली नावंही पाहा. आईचं किंवा आजीचं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून ठेवण्याची स्कॉटिश लोकांत फार जुनी चाल आहे. 'जॉन बुकॅनन रीड' असं नाव दिसलं तर बुकॅनन कुणाचं, हे आधी तपासावं.

ती ऑस्ट्रेलियात गेली असेल तर तुमचं नशीब चांगलं. व्हिक्टोरियात नागरी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली, आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावं, मुलं, वसाहतीत किती वर्षं राहिली असं सगळं येतं. न्यूझीलंडमध्ये १८७६ पासूनच्या नोंदी अशा भरघोस आहेत.

३. स्कॉटलंडमधले दाखले कुठे मिळतात?

सरकारी वेबसाइटवर, तिचं नाव स्कॉटलंड्सपीपल. खातं उघडलं की नावांची सूची शोधता येते आणि नोंदीचं मूळ पान पाहायला थोडे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. जन्म, लग्न, मृत्यू, जनगणना, जुन्या चर्च नोंदी, मृत्युपत्रं, हे सगळं तिथे एकाच छताखाली आहे. खासगीपणासाठी १०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ वर्षांच्या आतली लग्नं आणि ५० वर्षांच्या आतले मृत्यू यांची पानं घरबसल्या दिसत नाहीत. त्यांची प्रमाणित प्रत मागवावी लागते.

नुसती सूची पाहून पुढे जाऊ नका. सूचीत एक ओळ असते, पानावर माणसं असतात: साक्षीदार कोण, माहिती कुणी दिली, सही केली की फुली मारली. आमच्या पणजीच्या आईने फुली मारलेली आहे.

४. सगळे जण १८५५ हे साल का सांगतात?

स्कॉटलंडमध्ये सक्तीची नागरी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. इंग्लंडमध्ये ती १८३७ पासूनच होती, पण स्कॉटलंडने उशिरा सुरू करून जास्त विचारलं. स्कॉटिश लग्नाच्या नोंदीत वधू आणि वर दोघांच्याही आईचं आणि वडिलांचं नाव असतं, आणि आईचं माहेरच्या आडनावासकट. मृत्यूच्या नोंदीतही तसंच. इंग्लंडच्या त्या काळच्या लग्नाच्या दाखल्यात आईला जागाच नाही, फक्त वडील. त्यामुळे स्कॉटिश बाईची एक मृत्यूची नोंद मिळाली की एका उडीत तिच्या आईच्या माहेरापर्यंत जाता येतं.

खुद्द १८५५ ची पानं तर खजिनाच आहेत. त्या वर्षी बाळाच्या जन्मनोंदीत आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्न कधी-कुठे झालं आणि आधीची मुलं किती हेही लिहून घेतलं. मृत्यूच्या नोंदीत मुलांची नावं आणि वयंसुद्धा. एवढं भरून घेणं नोंदणी करणाऱ्यांना झेपेना, म्हणून पुढच्या वर्षीपासून रकाने कमी केले. १८६१ मध्ये त्यातले काही परत आले: जन्मनोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि ठिकाण, मृत्यूच्या नोंदीत नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव.

उदाहरण म्हणून विल्यमिना फ्लेमिंग घ्या. हार्वर्डच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या वर्णपटांचं वर्गीकरण करणारी आणि १८८८ मध्ये अश्वमुख तेजोमेघ शोधणारी ही खगोलशास्त्रज्ञ डंडीची. जन्म १५ मे १८५७, माहेरचं नाव विल्यमिना पेटन स्टीव्हन्स, आई मेरी वॉकर. नवऱ्याबरोबर १८७८ मध्ये ती बॉस्टनला गेली. नवरा सोडून गेल्यावर वेधशाळेच्या संचालकांच्या घरी तिने घरकाम धरलं, आणि तिथूनच ती वेधशाळेत पोचली. जग तिला फ्लेमिंग म्हणून ओळखतं, पण स्कॉटलंडमध्ये तिला स्टीव्हन्स म्हणूनच शोधावं लागेल. शिवाय तिचा जन्म १८५६ ते १८६० या आखडत्या काळातला. तेव्हा त्या काळात जन्मलेल्या तुमच्या पणजीच्या नोंदीत आईवडिलांच्या लग्नाची तारीख दिसली नाही, तर नोंद अपुरी मिळाली असं समजू नका.

५. एका कागदावर ती 'रीड' आहे आणि दुसऱ्यावर 'बुकॅनन'. ही बाई एकच का?

बहुधा एकच. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतर बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नसे. सासरचं नाव लागायचं ते रोजच्या व्यवहारात आणि जनगणनेत. कायद्याच्या कागदांत, मृत्युपत्रात आणि थडग्यावर मात्र माहेरचं नाव येतं: 'जॉन रीड, आणि त्याची पत्नी अॅग्नेस बुकॅनन'. विधवा बाई पुन्हा माहेरच्या नावाने वावरताना दिसते. म्हणून मृत्यूची नोंद दोन्ही आडनावांनी शोधा, आणि दोनदा लग्न झालं असेल तर तिन्ही.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा माझी आजी आठवली. लग्नात तिचं नाव बदललं, आडनाव बदललं, आणि माहेरचं नाव तिच्या थोरल्या बहिणीशिवाय कुणी घेत नसे. स्कॉटिश कागदांत बाई माहेरच्या नावानिशी शाबूत राहते. हरवते ती समुद्र ओलांडल्यावर.

गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या भागातली आणखी एक खूण: 'मॅक' म्हणजे मुलगा. मुलीच्या आडनावात त्या जागी 'निक' येतं. जुन्या नोंदीत बाईच्या आडनावाआधी इंग्रजी 'एन' आणि 'सी' (Nc) ही अक्षरं जोडून दिसली तर ती लेखनिकाची चूक समजू नका. शेटलंड बेटांवर तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत वडिलांच्या नावापुढे 'डॉटर' लावून मुलीची ओळख सांगत.

६. तिचा जन्म १८५५ च्या आधीचा आहे. आता?

आता चर्चच्या वह्या. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदी याच वेबसाइटवर आहेत. सगळ्यांत जुनी वही पर्थशरमधल्या एरोल गावची, १५५३ सालची. मात्र सगळीकडे असं भाग्य नाही. हायलँड, म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ भाग, आणि बेटांवरच्या कितीतरी पॅरिशमध्ये वह्या एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू होतात, आणि दफनाच्या नोंदी तर खूप ठिकाणी ठेवलेल्याच नाहीत. इथे तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची असेलच असं नाही. लग्नाच्या वहीत अनेकदा फक्त लग्नाची घोषणा नोंदलेली असते, तीही वधूच्या आणि वराच्या अशा दोन पॅरिशमध्ये. दोन तारखा दिसल्या म्हणून दोन लग्नं धरू नका.

कुटुंब या चर्चचं नसेलच, तर इथे शोधून हाती काही लागायचं नाही. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं आणि मोठा गट फ्री चर्च म्हणून वेगळा झाला. हायलँडमधली गावंच्या गावं त्यात गेली. बारा आणि साऊथ युइस्ट ही बेटं मुख्यतः कॅथलिक. म्हणून आधी घराण्याचा पंथ विचारा, मग वही उघडा.

७. आम्ही 'जेसी' शोधतोय, पण जन्मनोंदीत 'जॅनेट' आहे. नोंद चुकीची आहे का?

चूक नाही. जॅनेट, जीन, जेन आणि जेसी ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात. इझाबेला कधी इझोबेल, कधी बेला. युफिमिया म्हणजे एफी. अॅग्नेसची नॅन्सी होते, आणि अॅग्नेसची अक्षरं उलटी करून 'सेंगा' असंही नाव पाडलेलं सापडतं. मुलगा न झालेल्या किंवा आजोबांचं नाव चालवायचं असलेल्या घरांत पुरुषाच्या नावाला 'इना' जोडून मुलीचं नाव ठेवत: डोलिना, मर्डिना, आणि वर आलेली विल्यमिना.

गेलिक भागात गुंता वाढतो. घरी हाक मारायचं नाव गेलिक, आणि लेखनिक इंग्रजी वहीत त्याला जवळचं वाटेल ते नाव लिहिणार. मोर नावाची बाई एका ठिकाणी मॅरियन आणि दुसरीकडे सारा असू शकते. बेहाग कधी रेबेका होते, कधी सोफिया. नावावर फार विसंबू नका. वय, पॅरिश आणि आईचं माहेरचं नाव हे तीन जुळले तर नावातला फरक माझ्या मते सोडून द्यावा.

८. मुलांच्या नावांवरून आजी-आजोबा ओळखता येतात म्हणे. खरं आहे?

बऱ्याच अंशी. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, तिसरा वडिलांच्या. मुलींमध्ये पहिलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. आपल्याकडे नातवात आजोबांचं नाव ठेवतात त्याच मायेने हे होई, फक्त तिथे क्रम जास्त ठरलेला. आमच्या पणजीच्या थोरल्या मुलीचं नाव ग्रिझेल होतं. त्या अनोख्या नावामुळेच पेस्लीतल्या अनेक बुकॅनन घरांतून तिच्या आईचं घर वेगळं काढता आलं.

पण हा पुरावा नव्हे, दिशा आहे. दोन आज्यांचं नाव एकच असेल, नुकत्याच गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला दिलं असेल, किंवा पाळणा हलवायला आलेल्या पाद्रीसाहेबांच्या पत्नीचं नाव ठेवलं असेल, तर क्रम मोडतो. नावावरून अंदाज बांधा आणि दाखल्यावरून खात्री करा.

९. ती कोणत्या जहाजाने आली हे कसं कळेल?

काळावर अवलंबून आहे. अमेरिकेत प्रवासी याद्या १८२० पासून ठेवल्या जातात, कॅनडात क्वेबेकला उतरणाऱ्यांच्या १८६५ पासून. त्याआधी गेलेल्यांची यादी मिळणं हा योगायोग समजा. १८५२ ते १८५७ या काळात हायलँड अँड आयलंड इमिग्रेशन सोसायटीने सुमारे ५,००० लोक ऑस्ट्रेलियाला पाठवले. बटाट्यावरच्या रोगाने आणि जमिनीवरून हुसकावल्याने कंगाल झालेली ती कुटुंबं होती, आणि त्यांच्या याद्या टिकल्या आहेत. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्यांच्या याद्या १८९० पासूनच्या आहेत.

अमेरिकेच्या याद्यांत १९०७ नंतर एक अमूल्य रकाना येतो: मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. एकटी आलेली तरुण मुलगी असेल तर तिथे बहुधा आईचं किंवा वडिलांचं नाव असतं. लुइस बेटावरच्या टंग गावची मेरी अॅन मॅकलाउड मे १९३० मध्ये ग्लासगोहून ट्रान्सिल्व्हेनिया जहाजाने न्यूयॉर्कला आली, तिचं वय तेव्हा अठरा. पुढे ती फ्रेड ट्रम्प यांची पत्नी आणि एका अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची आई झाली. तशा हजारो मुली घरकामासाठी त्याच वाटेने आल्या, त्यांची नावं त्याच याद्यांत आहेत.

एक चकवा लक्षात ठेवा: खूप कुटुंबं आधी कॅनडात उतरली आणि नंतर जमिनीवरून अमेरिकेत गेली. न्यूयॉर्कच्या यादीत नाव नसेल तर १८९५ पासूनच्या सीमा ओलांडण्याच्या नोंदी पाहा.

१०. तिचे अमेरिकन नागरिकत्वाचे कागद का सापडत नाहीत?

कारण ते बहुधा बनलेच नाहीत. १८५५ च्या अमेरिकी कायद्याने नागरिकाशी लग्न केलेली, किंवा जिचा नवरा नागरिक झाला अशी परदेशी बाई आपोआप नागरिक होत असे. हे १९२२ पर्यंत चाललं. त्यामुळे नवऱ्याचे कागद काढा. १९२२ नंतर मात्र बाईला स्वतःचा अर्ज करावा लागे, आणि त्या अर्जात जन्मगाव, जहाज, तारीख असं सगळं मिळतं.

११. मुलं आहेत, संसार आहे, पण लग्नाची नोंदच नाही. असं कसं?

स्कॉटिश कायद्यात दोघांनी एकमेकांना पतिपत्नी म्हणून स्वीकारलं की लग्न झालं. पाद्री नको, चर्च नको. याला अनियमित विवाह म्हणत, आणि तो १९४० पर्यंत पूर्ण कायदेशीर होता. सीमेवरच्या ग्रेटना ग्रीन गावी इंग्लंडमधून पळून येणारी जोडपी याच कायद्याच्या भरवशावर येत. १८५६ मध्ये २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहण्याची अट घातल्यावर ती गर्दी ओसरली.

१८५५ नंतर बरीच जोडपी साक्षीदारांसमोर घोषणा करून शेरीफचा, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाचा, हुकूम आणत आणि मग नोंद होई. अशी नोंद मिळाली तर तिला कमी लेखू नका. मला एका वाचकाने जरा संकोचाने लिहिलं होतं की 'आमच्या घराण्यात असं काही नव्हतं'. यात लाजण्यासारखं काहीच नाही. चर्चमधली घोषणा खर्चिक होती, शहरात आलेल्या कामगारांना हा मार्ग परवडत असे.

१२. जन्मनोंदीत वडिलांचा रकाना रिकामा आहे. इथेच थांबायचं का?

मुळीच नाही. लग्न झालेलं नसेल तर वडिलांनी स्वतः येऊन आईबरोबर सही केल्याशिवाय त्यांचं नाव लिहीत नसत. आधी पानाच्या समासात पाहा. न्यायालयाने पितृत्व ठरवलं असेल तर दुरुस्ती नोंदवहीचा क्रमांक तिथे दिलेला असतो. नंतर त्या दोघांनी लग्न केलं असेल तर स्कॉटिश कायद्याने मूल औरस ठरे, म्हणून पुढच्या काही वर्षांतली लग्नं तपासा.

१८५५ च्या आधी हे काम कर्क सेशन, म्हणजे गावच्या चर्चची पंचायत करत असे. तिथे अविवाहित आईला उभं करून बापाचं नाव विचारत. वाचताना जीव कळवळतो. गरोदर मोलकरणीला पुन्हा पुन्हा बोलावलं जातंय आणि तो गृहस्थ एकदाही येत नाही, असं पानोपान चालतं. पण तिचे स्वतःचे शब्द कुठेतरी लिहिलेले असतील तर ते तिथेच. ही पानंही स्कॉटलंड्सपीपलवर चाळता येतात.

टाकलेल्या आणि विधवा बायकांसाठी ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतले गरीब-मदतीचे अर्जही विसरू नका. मदत कुठल्या पॅरिशने द्यायची हे ठरवण्यासाठी तिचा जन्म, नवरा, मुलं, आईवडील सगळं खोदून विचारलेलं असतं.

१३. घरात 'आम्ही स्कॉटिश' म्हणतात, पण कागदावर आयर्लंड येतं. कुणाचं खरं?

दोन्ही खरं असू शकतं. सतराव्या शतकात हजारो स्कॉटिश कुटुंबं उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरला वसली आणि त्यांचे वंशज अठराव्या शतकात अमेरिकेत गेले. तुमची पणजी त्यांतली असेल तर शोध आयर्लंडमध्ये करावा लागतो, आणि तिथे १९२२ च्या डब्लिनमधल्या आगीत फार मोठा ठेवा जळाला.

घरातली माहिती दगा देते असा आणखी एक प्रकार आहे. १८६९ पासून १ लाखाहून जास्त मुलं अनाथाश्रमांमार्फत ब्रिटनमधून कॅनडात पाठवली गेली. ब्रिज ऑफ वेअरच्या क्वारियर्स आश्रमाने स्कॉटलंडमधून हजारो धाडली. त्यांतल्या कितीतरी मुलींचे आईवडील जिवंत होते. अशी मुलगी पुढे आयुष्यभर माहेराबद्दल गप्प राहते, आणि घरातले समजतात की तिला कुणी नव्हतंच.

१४. आमचं आडनाव मॅकलाउड. मग आम्ही सरदार घराण्यातले आणि आमचा टार्टन, म्हणजे चौकड्यांच्या कापडाचा नमुना, ठरलेला, बरोबर?

आडनाव सारखं म्हणजे रक्त सारखं असं नाही. कुळाच्या जमिनीवर राहणारी माणसंही प्रमुखाचं आडनाव लावत. आडनावागणिक टार्टन ही कल्पना मुख्यतः १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला त्यानंतर फोफावली. हौसेने नेसा, मात्र पुरावा म्हणून धरू नका. दुकानात मिळणारं 'घराण्याचं चिन्ह' तर सोडूनच द्या. स्कॉटलंडमध्ये असं चिन्ह एका व्यक्तीच्या नावे असतं आणि त्याचा निर्णय लॉर्ड लायन या अशा चिन्हांच्या अधिकाऱ्याचं न्यायालय करतं.

१५. डीएनए चाचणी केली तर हे सगळं टळेल का?

टळणार नाही, पण अडलेल्या जागी मदत होईल. 'इतके टक्के स्कॉटिश' हा आकडा कंपनीगणिक बदलतो, त्यात अडकू नका. उपयोगाची असते ती जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी. पणजीकडून साधारण आठवा हिस्सा येतो, त्यामुळे तिच्या भावंडांचे वंशज त्या यादीत दिसण्याची चांगली शक्यता असते, आणि त्यांच्याकडे तिचं माहेरचं आडनाव असतं. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची चाचणी आधी करा, अर्थात त्यांना नीट समजावून आणि त्यांची संमती घेऊन.

१६. ती काही वर्षं मुंबईत होती असं ऐकलंय. तिथल्या नोंदी कुठे मिळतील?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला दर वर्षी लंडनला पाठवल्या जात, त्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. सैनिक, व्यापारी आणि मिशनरी यांच्या कितीतरी स्कॉटिश बायका तिथे भेटतात. ग्रीनॉकची मार्गारेट बेन १८२९ मध्ये नवरा जॉन विल्सन यांच्याबरोबर मुंबईला आली, मराठी शिकली, तिने मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये तिथेच वारली. आपण तिला मिसेस विल्सन म्हणतो. ग्रीनॉकच्या वहीत मात्र बेन शोधायचं, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलंय.

१७. गाव सापडलं. प्रत्यक्ष गेलं तर काही हाती लागेल का?

लागेल, विशेषतः बेटांवर. हॅरिसमधल्या नॉर्थटनला 'को लेश ऊ?' नावाचं वंशावळीचं केंद्र आहे. त्या गेलिक शब्दांचा अर्थ 'तू कुणाची?'. कोकणातल्या एखाद्या वाडीत पाऊल ठेवल्यावर ओट्यावरची म्हातारी विचारते तोच प्रश्न. जाताना दाखल्यांच्या प्रती आणि शक्य तेवढी पाठ केलेली पिढ्यांची नावं बरोबर न्या. तिथले म्हातारे आडनावाने ओळखत नाहीत, अमक्याचा तमका आणि त्याच्या आधीचा कोण, अशा माळेने ओळखतात.

पेस्लीसारख्या गिरण्यांच्या गावात मात्र चाळीवजा जुन्या इमारती बहुतेक पाडल्या गेल्यात. आम्ही गेलो तेव्हा पणजीचं घर नव्हतं, रस्ताही दुसऱ्याच वळणाने जात होता. कबरस्तानाच्या मागच्या भिंतीलगत एक दगड होता, शेवाळलेला. मी पाण्याने आणि मऊ ब्रशने तो साफ केला. तारेचा ब्रश किंवा साबण कधीही वापरू नका, अक्षरं जातात. तिच्या आईवडिलांच्या खाली एक ओळ होती: त्यांची मुलगी अॅग्नेस बुकॅनन, कॅनडात मरण पावली.